साइडटोन

मिग-२१ निवृत्त झालं त्या दिवशी, २६ सप्टेंबर २०२५ ला, आमच्या बिल्डिंगमधली बरीच मंडळी काकांच्या घरी टीव्हीसमोर जमली होती. काका म्हणजे आमचे शेजारी, हवाई दलातून रेडिओ फिटर म्हणून निवृत्त झालेले. मिग-२१ बांधणाऱ्या ओझरच्या कारखान्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना मिगचा निरोप हा घरचा कार्यक्रम वाटणं साहजिक आहे. १९६४ पासून नाशिकच्या कितीतरी घरांची चूल त्या विमानाच्या पत्र्यावर, वायरींवर आणि रिव्हेटांवर पेटलेली. चंडीगडला शेवटचं उड्डाण चाललं होतं, टीव्हीवरच्या बाईंचा गळा भरून येत होता, आणि अशा वेळी निघतोच तसा अभिनंदन वर्धमान यांचा विषय निघाला. मग एफ-१६ पडलं की नाही, क्षेपणास्त्र कोणतं होतं, किती किलोमीटरवरून सुटलं, अशी चर्चा रंगली. पोरांनी तळहातांची विमानं करून हॉलभर फिरवली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "त्या पोराला मागे फिर म्हणून सांगितलं होतं. त्याला ते ऐकूच गेलं नाही." आणि रिकामे कप गोळा करून आत गेले.

ते वाक्य मला सोडेना.

बातमी म्हणून ते मला ठाऊक होतं. २७ फेब्रुवारी २०१९ च्या पाकिस्तानबरोबरच्या हवाई चकमकीनंतर काही महिन्यांनी वृत्तपत्रांत आलं होतं की जमिनीवरून 'टर्न कोल्ड', म्हणजे शत्रूकडे पाठ करून माघारी वळ, असा आदेश गेला होता. पण बायसनमधल्या, म्हणजे सुधारित मिग-२१ मधल्या, रेडिओला जॅमिंगपासून, शत्रूने लहरी सोडून बोलणं बुजवण्यापासून, संरक्षण नव्हतं आणि तो आदेश वैमानिकापर्यंत पोचला नाही. पण घटनेच्या दिवसांत सगळ्यांचे डोळे १ मार्चच्या रात्री वाघा सीमेवरच्या फाटकाकडे लागले होते, अभिनंदन सुखरूप परत आले आणि बाकीचं मागे पडलं. आता काकांच्या तोंडून ऐकताना मला वेगळंच माणूस दिसायला लागलं. आदेश ऐकणारं नव्हे, देणारं. त्या दिवशी फायटर कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरच्या रडारच्या खोलीतून लढाऊ विमानांना सूचना देणाऱ्या अधिकारी, म्हणून स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल काम करत होत्या. त्यांना पुढे युद्ध सेवा पदक मिळालं. अशा खोलीत बसलेल्या माणसासमोर पडद्यावर खुणा सरकत असतात, कानावर हेडसेट असतो, आणि आपलं बोलणं पोचलं की नाही हे कळायच्या दोनच वाटा असतात: तिकडून उत्तर तरी येतं, नाहीतर पडद्यावरची खूण वळते. उत्तर नाही, खूणही वळत नाही. मग काय करायचं? पुन्हा तेच शब्द, त्याच क्रमाने. त्या काही सेकंदांचा विचार मी कितीतरी रात्री करत होते.

पुढे एका संध्याकाळी गॅलरीत बसलेल्या काकांकडे मी विषय काढला. त्यांनी मलाच विचारलं, "जॅमिंग कुठे होतं सांग बरं?" मी म्हटलं, रेडिओवर. "कानात होतं," ते म्हणाले. "बोलणाऱ्याचं तोंड कुणी दाबत नाही. ऐकणाऱ्याचा कान भरून टाकतात." मग त्यांनी साइडटोन समजावून सांगितला. माइकचं बटण दाबून माणूस बोलतो तेव्हा त्याचाच आवाज त्याच्या हेडफोनमध्ये थोडासा परत सोडलेला असतो. तो आला की बोलणाऱ्याला धीर येतो, संच चालू आहे, माइक चालू आहे. जॅमिंगच्या वेळीही हा साइडटोन स्वच्छ येत राहतो. शत्रूचा ट्रान्समीटर रोखलेला असतो तो दूरवरच्या विमानातल्या रिसीव्हरवर. इथे खोलीत काहीच बिघडलेलं नसतं. आपलाच आवाज आपल्याला खणखणीत ऐकू येतो आणि वाटतं, सांगून झालं.

हे ऐकल्यावर मी थोडं वाचायला लागले. लष्करी विमानांमधलं बरंचसं बोलणं २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि ते एफएमवर न जाता बहुतेक वेळा जुन्या एएम पद्धतीने जातं. त्यामागे एक सुंदर कारण आहे. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला पूर्ण गिळून टाकतो आणि दुसरं कुणी बोलत होतं याचा ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एएमवर दोन्ही लहरी एकमेकींवर घासतात, कानात शिट्टी उठते, आणि निदान एवढं तरी कळतं की कुणीतरी अजून काही सांगू पाहतंय. ही माणुसकी त्या लहरीत आहे. पण जॅमर तिचाच फायदा घेतो. रेडिओची शक्ती अंतराच्या वर्गाने घटते. अंतर दुप्पट झालं की हातात चौथा हिस्सा उरतो. कंट्रोलर दूर, जॅमर जवळ, आणि या पट्ट्यातल्या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या, त्यामुळे मध्ये डोंगर आला की आपल्या माणसाचा आवाज आणखी क्षीण. काश्मीरच्या मुलखात डोंगराला तोटा नाही. अशा ठिकाणी एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोलत राहायचं म्हणजे शत्रूला आपल्या दाराची जागा दाखवून ठेवायची.

लहानपणी आमचे बाबा रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी लावायचे. अंधारात डायलचा पिवळा उजेड, तापलेल्या सेटचा धुळकट वास, आणि स्टेशन शोधताना मध्येच लागणारी ती जाडसर, न थांबणारी घुरघुर. बाबा म्हणायचे, पुढे जा, तिथे काही नाही. पुढे कळलं की 'तिथे' फार काही होतं. पाश्चात्त्य देशांची रशियन भाषेतली प्रसारणं सोव्हिएत श्रोत्यांच्या कानी पडू नयेत म्हणून मुद्दाम लावलेले ते ट्रान्समीटर असायचे, आणि त्यांचा आवाज हजारो किलोमीटरवर सांडायचा. १९८८ च्या अखेरीस ते बंद झाले. तोवर जगातली कितीतरी मुलं माझ्यासारखीच त्या घुरघुरीच्या अल्याडपल्याड गाणी ऐकत मोठी झाली असतील, आणि तिच्याखाली एक माणूस बोलतोय हे कुणालाच ठाऊक नसेल.

विमानांच्या बाबतीत ही कला दुसऱ्या महायुद्धात पिकली. ब्रिटिश बॉम्बर जर्मनीवर रात्री जायचे आणि जर्मन लढाऊ विमानांना जमिनीवरून आवाजाने वाट दाखवली जायची. तो आवाज तोडण्यासाठी ब्रिटिशांनी प्रथम जे केलं ते अगदी साधं होतं: बॉम्बरच्या इंजिनाशेजारी माइक बसवला. वायरलेस ऑपरेटर जर्मन बोलणं शोधायचा आणि सापडलं की त्याच फ्रिक्वेन्सीवर आपल्या इंजिनाचा गडगडाट सोडून द्यायचा. या युक्तीचं नाव टिन्सेल. १९४३ च्या ऑक्टोबरपासून लिंकनशायरमधल्या लडफर्ड मॅग्ना तळावरच्या १०१ स्क्वाड्रनच्या लँकेस्टर विमानांत नेहमीच्या सात जणांशिवाय आठवा माणूस बसू लागला. त्याला जर्मन यायचं. काही जण तर जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित होते. समोरच्या छोट्या पडद्यावर उमटणारी प्रत्येक खूण म्हणजे एक बोलणारा ट्रान्समीटर. तो ऐकायचा, खरा कंट्रोलर आहे याची खात्री करायची, आणि आपले जॅमर त्याच्यावर आणून ठेवायचे. अंधारात, कडाक्याच्या थंडीत, बाकीच्यांपासून वेगळं बसून हा माणूस रात्रभर जर्मन आवाज, काहींच्या बाबतीत आपल्याच मातृभाषेतले, शोधून बुजवत राहायचा. जॅमर चालू असला की विमान स्वतःच आपली जागा आकाशभर सांगत असतं. १०१ स्क्वाड्रनने फार माणसं गमावली; रॉयल एअर फोर्सच्या ज्या तुकड्यांची हानी सर्वांत भयंकर झाली त्यांत तिचं नाव येतं.

त्याच महिन्यात, २२ ऑक्टोबरच्या रात्री, कासेल शहरावरच्या हल्ल्यात ब्रिटिशांनी पुढचं पाऊल टाकलं. इंग्लंडमध्ये बसलेल्या जर्मन बोलणाऱ्या माणसांनी जर्मन कंट्रोलरच्या फ्रिक्वेन्सीवर, त्याच्याच ढंगात, खोटे आदेश द्यायला सुरुवात केली. खरा कंट्रोलर संतापला, शिव्या देऊ लागला. तेव्हा खोट्याने वैमानिकांना बजावलं की बघा, इंग्रज शिव्या देतोय. खरा ओरडला, शिव्या इंग्रज देत नाहीये, मी देतोय. हा प्रसंग इतिहासात हसून सांगितला जातो. मला हसू येत नाही. वर आकाशात कुणीतरी तरुण पोरगा दोन आवाजांपैकी आपला कोणता हे ओळखू पाहत होता. आणि त्याच रात्री खाली कासेलमध्ये सुमारे १०,००० माणसं आगीत गेली. त्या आठव्या माणसाच्या बाजूने मी मनापासून उभी राहते, त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल हे आठवून उभी राहते, आणि कासेलच्या तळघरांपाशी येऊन माझे पाय थबकतात. दोन्ही गोष्टी एकाच रात्रीच्या आहेत, एकाच लहरीवरच्या आहेत. एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

यावर उपाय काय, तर दार एका जागी ठेवायचंच नाही.

आमच्या शाळेत लेझीम होतं. हलगीच्या ठोक्याला सगळी रांग एकदम पवित्रा बदलायची, कुणी कुणाला सांगायचं नाही. पवित्र्यांचा क्रम आधी पाठ केलेला आणि हलगी सगळ्यांना एकच ऐकू येणारी. बाहेरचं कुणी मध्ये घुसलं तर ते दर ठोक्याला नको तिथे सापडायचं. फ्रिक्वेन्सी हॉपिंग हेच आहे. बोलणारा आणि ऐकणारा दोघंही सेकंदात अनेकदा फ्रिक्वेन्सी बदलतात, दोघांकडे उड्यांचा क्रम सारखा आणि घड्याळ सारखं. जॅमरला एक तर सगळा पट्टा व्यापावा लागतो, म्हणजे त्याची शक्ती पसरून पातळ होते. नाहीतर प्रत्येक उडीच्या मागे धावावं लागतं, आणि तो पोचेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनी टॉर्पेडोसाठी या कल्पनेचं पेटंट घेतलं, ते त्यांना ११ ऑगस्ट १९४२ ला मिळालं. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच ८८ फ्रिक्वेन्सी होत्या त्यात. ही गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. तिच्याआधीची एक गोष्ट कमी सांगितली जाते: १९४० च्या सप्टेंबरात जर्मन पाणबुडीने 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज बुडवलं. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडाला पाठवलेली ९० मुलं त्यावर होती, ७७ गेली. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपल्याकडचे होते. त्या बातमीने लामार अस्वस्थ झाली आणि विचाराला लागली असं सांगतात. अमेरिकी नौदलाने ते पेटंट बाजूला ठेवलं.

विमानांत ही कल्पना सर्रास यायला १९८० चं दशक उजाडलं. अमेरिकी हवाई दलाने आपल्या नेहमीच्याच यूएचएफ (म्हणजे त्याच २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या) संचाला, एआरसी-१६४ ला, उड्या मारायला शिकवलं आणि त्या पद्धतीला 'हॅव क्विक' नाव दिलं. त्या संचात ७,००० चॅनेल होते. शत्रूच्या दृष्टीने ७,००० दारं. उड्डाणाआधी संचात त्या दिवसाचा संकेत भरायचा. त्याला ते 'वर्ड ऑफ द डे' म्हणतात, आहे ते मात्र आकड्यांचं. मग घड्याळ मिळवायचं. घड्याळ सरकलं की संच धडधाकट असूनही मुका, कारण तो योग्य क्रमाने पण चुकीच्या क्षणी उड्या मारत असतो. अशा वेळी वैमानिक साध्या फ्रिक्वेन्सीवर येऊन सोबत्याकडे 'मिकी' मागतो. मिकी म्हणजे वेळ सांगणारा एक छोटासा सूर. तो ऐकला की दोन्ही घड्याळं जुळतात आणि पुन्हा संवाद सुरू होतो. युद्धाच्या आकाशात एका माणसाने दुसऱ्याकडे वेळ मागायची आणि त्याने ती सुरात द्यायची, ही कल्पना मला अजून पुरती पचलेली नाही, इतकी ती हळवी आहे. पुढे विमानाविमानांत माहितीची देवाणघेवाण करणारा लिंक-१६ नावाचा डेटा दुवा आला, तो ५१ फ्रिक्वेन्सींवर सेकंदाला ७७,००० च्या आसपास उड्या मारतो. तिथे माणसाच्या कानाला काही जाणवण्याचा प्रश्नच येत नाही.

काकांनी यातलं परदेशांतलं, छापून आलेलं, तेवढं सगळं माझ्याशी बोलून घेतलं. स्वतः कोणत्या संचावर काम केलं, त्यात काय होतं, काय नव्हतं, यावर मात्र एक अक्षर नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी नाही. मी खोदून विचारलं नाही. सांगितलं ते हाताचं काम. पहाटे दव पडलेलं असताना विमानाच्या पोटाखालची झाकणं उघडताना बोटं कशी बधिर होतात, हेडसेटच्या रबराला घामाचा आणि केरोसीनचा मिळून कसा वास येतो, कॉकपिटमध्ये बसून टॉवरला हाक मारल्यावर उत्तर पाचपैकी पाच, म्हणजे आवाज अगदी स्वच्छ, असं आलं की आपण सही करतो आणि ते पोरगं आपल्या सहीवर वर जातं. कनेक्टरच्या एका पिनेवरचा गंज किती महाग पडू शकतो हे ते दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवत होते. क्षेपणास्त्रांच्या गप्पांमध्ये त्या दिवशी ते गप्प का राहिले, ते मला तिथे उमगलं.

अभिनंदन उडाले तो तळ श्रीनगरचा. १४ डिसेंबर १९७१ ला तिथून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों आपलं नॅट विमान घेऊन सहा पाकिस्तानी सेबर जेटांवर गेले. सोबतच्या विमानातले घुम्मण वेगळे पडले होते. विमानाला मार बसल्यावर सेखोंनी घुम्मणना रेडिओवर हाक मारली. ते त्यांचं शेवटचं बोलणं. ती हाक ऐकली गेली, म्हणून त्या लढाईचा शेवट आपल्याला माहीत आहे; हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. सत्तेचाळीस वर्षांनंतर त्याच तळावरून उडालेल्या विमानात हाक उलट दिशेने जायची होती, जमिनीकडून वर, आणि ती अडली. मधल्या काळात आपण त्या विमानाला नवं रडार दिलं, नवी क्षेपणास्त्रं दिली. ओझरलाच ते बायसनचं काम झालं. संसदेत, वृत्तपत्रांत, आमच्या हॉलमध्ये, या सगळ्याची चर्चा व्हायची. रेडिओ बदलला का, हा प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. लढाऊ विमानाची किंमत लाखो लोकांना तोंडपाठ असते. त्यातल्या आवाजाला कुणी वाली नसतो.

आता परिस्थिती बदलते आहे. २०१९ च्या अनुभवानंतर सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ घेण्याच्या हालचालींना वेग आला, इस्रायली बनावटीच्या संचांच्या बातम्या आल्या. या रेडिओत उड्यांचा क्रम, आवाजाची घडण, संकेतांचं कुलूप, सगळं सॉफ्टवेअरमध्ये असतं. त्या सगळ्याला मिळून वेव्हफॉर्म म्हणतात. संच दुसऱ्याचा असला तर चालेल, वेव्हफॉर्म आपला हवा, असं जाणते लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मिगच्या निरोपानंतर थोड्याच दिवसांत, २०२५ च्या ऑक्टोबरात, डीआरडीओ आणि तिन्ही सेनादलांनी मिळून अशा रेडिओंसाठी पहिलं भारतीय मानक जाहीर केलं. ती बातमी आतल्या पानावर होती. मी कात्रण काढून काकांना दिलं, त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

आणि त्याच २७ फेब्रुवारीची दुसरी गोष्ट आमच्या नाशिकची आहे. त्या सकाळी बडगामला एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आत हवाई दलाचे सहा जण होते, जमिनीवरचा एक स्थानिक माणूस गेला. सहांमध्ये स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते, नाशिकचे. त्यांना निरोप द्यायला शहर रस्त्यावर उतरलं होतं. ज्या दिवशी अभिनंदन यांची वाट सारा देश पाहत होता त्याच दिवशी. पुढे चौकशीत निघालं की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, आणि हवाई दलप्रमुखांनी ती मोठी चूक होती असं जाहीरपणे सांगितलं. आपलं की परकं, हे विमानाला विचारण्यासाठी रेडिओवर एक प्रश्न पाठवला जातो आणि विमानातला संच आपोआप उत्तर देतो. हेलिकॉप्टरमधला तो संच त्या वेळी बंद होता असं बातम्यांत आलं. तो का बंद होता, कोणाच्या आदेशाने, यावर कोर्टमार्शल झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या. म्हणजे एकाच सकाळी एकाला सांगितलेलं ऐकू गेलं नाही आणि दुसऱ्याची ओळख पटली नाही.

मी काकांना विचारलं, त्या दिवशी आजचे रेडिओ असते तर? ते म्हणाले, "अभिनंदनचं सांगता येतं. वळला असता बहुतेक." मग बराच वेळाने, "निनादचं नाही सांगता येत. तिथे विचारायचं यंत्र होतं, उत्तर द्यायचंही होतं. राहिलं ते माणसांचं." मला ते पूर्ण पटलं नाही. मी म्हटलं, लिंक-१६ वर प्रत्येक विमान आपण कुठे आहोत हे स्वतःहून सांगत राहतं, ते सगळ्यांच्या पडद्यावर दिसत राहतं. तसा दुवा त्या हेलिकॉप्टरमध्ये असता आणि क्षेपणास्त्रापाशी बसलेल्यांच्या पडद्यावरही असता, तर विचारायची वेळच आली नसती. काका विचारात पडले. "हो, तेही खरं," ते म्हणाले. "पण मग तो दुवासुद्धा जॅम न होणारा लागेल. आणि हेलिकॉप्टरला रेडिओ द्यायचा म्हटलं की लोक म्हणतात, आधी फायटरना पुरू देत."